किझोम्बा : अंगोलातील युगुलनृत्याचे शिक्षण आणि त्याची सांस्कृतिक मुळे

सारांश

आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्य भागातील अंगोला या देशात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आलेले ‘किझोम्बा’ हे युगुलनृत्य आज युरोप, अमेरिका आणि आशियातील अनेक शहरांत वर्ग भरवून शिकविले जाते. भारतातील काही महानगरांतही सालसा आणि बचाटा यांच्या जोडीने त्याचे शिक्षण दिले जाते. परंतु नृत्याच्या पायऱ्या जितक्या सुलभतेने प्रवास करतात, तितक्या सुलभतेने त्यामागील समाज प्रवास करीत नाही. प्रस्तुत लेखात किझोम्बाची संज्ञा, त्याचा इतिहास, त्याची रचना आणि ते शिकण्याच्या दोन भिन्न पद्धती यांचा परिचय करून दिला आहे. मुळांची जाण हा या नृत्याच्या शिक्षणातील अलंकार नसून त्याचा गाभा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : किझोम्बा, सेम्बा, अंगोला, युगुलनृत्य, देहतंत्रे, सांस्कृतिक वारसा.

१. प्रस्तावना

नृत्याचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गातील नृत्य प्रेक्षकांसाठी केले जाते. त्यास रंगमंच लागतो, तालीम लागते आणि पाहणाऱ्याची दाद लागते. दुसऱ्या वर्गातील नृत्य करणाऱ्यांसाठीच असते. त्यात प्रेक्षक असलाच तर तो आपली पाळी येण्याची वाट पाहणारा असतो. आपल्याकडील फुगडी ही या दुसऱ्या वर्गातील होय. फुगडी कोणी तिकीट काढून पाहत नाही, ती घालायची असते. किझोम्बा हे याच अर्थाने सामाजिक नृत्य आहे. लग्न, बारसे, वाढदिवस वा रविवारची पंगत यांत आप्तेष्टांनी एकमेकांसोबत करावयाचे ते नृत्य आहे.

किझोम्बात स्त्री आणि पुरुष परस्परांच्या निकट आलिंगनात नाचतात. हे दृश्य अपरिचित असणाऱ्या व्यक्तीच्या मनात प्रथमदर्शनी दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात : संकोच किंवा कुतूहल. दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, तो म्हणजे हे आलिंगन म्हणजे प्रणयाचे प्रदर्शन होय. युरोपातील जाहिरातींनी ‘मादक नृत्य’ अशी त्याची ओळख करून देऊन हा गैरसमज दृढ केला आहे. प्रत्यक्षात अंगोलातील घराघरांत आजी नातवासोबत, मावशी भाच्यासोबत आणि बाप लेकीसोबत हेच नृत्य करतात. त्यामुळे एकाच देहस्थितीला एका समाजात एक अर्थ आणि दुसऱ्या समाजात दुसरा अर्थ कसा प्राप्त होतो, हा प्रश्न केवळ नृत्यशिक्षकाचा न राहता इतिहास, समाजशास्त्र, संगीत आणि शारीरिक शिक्षण या सर्व विषयांच्या अध्यापकांचा होतो.

या लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) किझोम्बा आणि त्याच्याशी संबंधित संज्ञांचा अर्थ स्पष्ट करणे.
(२) या नृत्याच्या जडणघडणीमागील ऐतिहासिक कारणे सांगणे.
(३) त्याची रचना व शिकण्याचा क्रम यांचा परिचय करून देणे.
(४) त्याच्या जागतिक प्रसारातून निर्माण झालेल्या प्रश्नांची चर्चा करणे.

२. संज्ञाविचार

‘किझोम्बा’ हा शब्द किम्बुंदू भाषेतील आहे. लुआंडा हे राजधानीचे शहर आणि त्याच्या पूर्वेकडील प्रदेश येथे राहणाऱ्या म्बुंदू लोकांची ही भाषा बांटू भाषासमूहात मोडते. किझोम्बा म्हणजे मेळावा, उत्सव, आनंदाचे एकत्र येणे. म्हणजे हा शब्द मुळात नृत्याचे नाव नसून नृत्य जेथे घडते त्या प्रसंगाचे नाव आहे. एका विशिष्ट संगीतप्रकाराला आणि त्यावरील नृत्याला हे नाव १९८०च्या दशकात चिकटले.

या शब्दाचा जुना, व्यापक अर्थ अटलांटिक महासागराच्या पलीकडेही जिवंत राहिला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाल्यास १९८८ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षी रिओ द जानेरोच्या कार्निव्हलमध्ये ‘विला इझाबेल’ या सांबा संस्थेने ‘किझोम्बा’ हाच विषय घेऊन मिरवणूक काढली आणि विजेतेपद पटकावले. तेथे त्या शब्दाने युगुलनृत्य सूचित होत नव्हते. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा उत्सव, हा त्याचा अर्थ होता.

दुसरी महत्त्वाची संज्ञा ‘सेम्बा’ ही होय. तिचे अनेकवचन ‘मासेम्बा’. नाचणाऱ्या दोघांनी पुढे येऊन क्षणभर पोटाला पोट, बेंबीला बेंबी टेकविणे, या क्रियेशी हा शब्द निगडित आहे. वर्तुळात उभ्या असलेल्या लोकांपैकी एकाने मध्यभागी नाचावे, मग दुसऱ्यासमोर जाऊन हा स्पर्श करावा आणि त्याला आत बोलवावे, अशी ती रीत होती. हा स्पर्श म्हणजे आमंत्रण होते. ब्राझीलमधील ‘सांबा’ हा शब्द याच सेम्बाशी संबंधित असल्याचे मत बऱ्याच अभ्यासकांनी मांडले आहे. आज अंगोलात सेम्बा हे किझोम्बापेक्षा जलद लयीचे संगीत व नृत्य म्हणून ओळखले जाते आणि किझोम्बाच्या पावलांचे मूळ मुख्यतः त्यातच आहे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

३.१ वसाहतकालीन लुआंडा

पोर्तुगीज दर्यावर्दी दिओगो काओ हा पंधराव्या शतकाच्या नवव्या दशकात काँगो नदीच्या मुखाशी पोहोचला. १५७५ मध्ये पाउलो दियास द नोव्हाइस याने लुआंडा शहराची स्थापना केली. पुढील तीन शतकांत हे शहर अटलांटिक गुलामव्यापारातील सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक बनले. ज्या किनाऱ्यावरून लक्षावधी माणसे साखळदंडांत बांधून ब्राझीलकडे नेण्यात आली, त्याच किनाऱ्यावर युरोपीय दिवाणखान्यांतील नृत्येही उतरली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे अगत्याचे आहे. स्त्री-पुरुषांनी जोडीने, परस्परांना धरून नाचण्याचा प्रकार या प्रदेशात मुख्यत्वे युरोपीय नृत्यांच्या संपर्कातून रुजला. लुआंडातील ‘रेबिता’ या जुन्या नृत्यात हा संगम दिसून येतो. त्यात जोड्या वर्तुळात फिरतात, एक सूत्रधार मोठ्याने आज्ञा देतो, हाताच्या भात्यावर चालणारे कॉन्सर्टिना हे वाद्य सूर धरते आणि आज्ञा होताच जोड्या मासेम्बाचा तो बेंबीचा स्पर्श करतात. जोड्यांची मांडणी आणि पोशाख यांवर युरोपीय छाप आहे. स्पर्श, ढोल आणि बांबूवर काठी घासून वाजविले जाणारे ‘दिकांझा’ हे वाद्य म्बुंदू परंपरेतील आहे. म्हणून किझोम्बाची ‘आफ्रिकी मुळे’ म्हणजे अस्पर्शित, शुद्ध असे काही तरी आहे, अशी समजूत करून घेणे योग्य ठरणार नाही. परक्या वस्तूला आपलेसे करून तिचा अर्थ पालटण्याची शक्ती, हेच येथील मूळ आहे.

३.२ वस्त्यांमधील संगीत आणि राष्ट्रभावना

विसाव्या शतकाच्या मध्यास कॉफीच्या तेजीमुळे आणि पोर्तुगालमधून येणाऱ्या वसाहतवाल्यांमुळे लुआंडा झपाट्याने वाढले. डांबरी रस्त्यांचे शहर गोऱ्यांकडे गेले आणि आफ्रिकी लोक ‘मुसेक’ नावाच्या वस्त्यांत ढकलले गेले. मुसेक या किम्बुंदू शब्दाचा मूळ अर्थ ‘वाळूची जागा’. जेथे डांबर संपते आणि तांबडी वाळू सुरू होते, तेथे ही वस्ती सुरू होई.

वसाहती कायद्याने आफ्रिकी माणसांची ‘देशी’ आणि ‘आत्मसात केलेले’ अशी विभागणी केली होती. दुसऱ्या वर्गात जाण्यासाठी पोर्तुगीज भाषा, पोर्तुगीज चालीरीती आणि राहणी यांचा पुरावा द्यावा लागे. १९५०च्या सुमारास आफ्रिकी लोकसंख्येपैकी एक टक्काही लोक या वर्गात नव्हते. ही विभागणी १९६१ मध्ये रद्द झाली. अशा व्यवस्थेत किम्बुंदूत गाणे, हे मागासपणाचे लक्षण मानले जाई.

या पार्श्वभूमीवर १९४७ मध्ये कार्लोस ‘लिसेऊ’ व्हिएरा दियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्गोला रित्मोस’ हा वाद्यवृंद स्थापन केला. ‘न्गोला’ ही एन्दोंगो राज्याच्या राजाची पदवी. ‘अंगोला’ हे नाव तिच्यावरूनच आले. शिक्षित, पोर्तुगीज बोलणाऱ्या या तरुणांनी वस्त्यांमधील किम्बुंदू गीते गिटारवर बसविली आणि ढोल व दिकांझा यांना रंगमंचावर स्थान दिले. सेम्बाच्या आधुनिक रूपाची ही सुरुवात मानली जाते. १९५९ मध्ये लिसेऊ यांना अटक झाली आणि पुढे केप व्हर्डे बेटांवरील ताराफाल येथील छळछावणीत त्यांना अनेक वर्षे काढावी लागली. संगीत आणि राजकारण यांचे नाते तेथे किती निकटचे होते, हे यावरून ध्यानी येते. अमेरिकन इतिहासकार मारिसा मूरमन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा विस्ताराने मांडला आहे. लुआंडाच्या वस्त्यांतील गाणी, मंडळे आणि नृत्याच्या रात्री यांतून सामान्य स्त्री-पुरुषांना ‘आपण अंगोलन आहोत’ या भावनेचा अनुभव आला, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे.

१९७२ मध्ये परागंदा अवस्थेत असलेल्या बोंगा या गायकाने नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ‘अंगोला ७२’ ही ध्वनिमुद्रिका तयार केली. बोंगा हे त्यापूर्वी पोर्तुगालचे नामांकित धावपटू होते. त्यांच्या आवाजातून सेम्बा युरोपातील श्रोत्यांपर्यंत पोहोचला.

३.३ स्वातंत्र्य, यादवी युद्ध आणि किझोम्बाचा उदय

११ नोव्हेंबर १९७५ रोजी अंगोला स्वतंत्र झाला. परंतु स्वातंत्र्याच्या क्षणीच यादवी युद्ध पेटले होते आणि ते २००२ पर्यंत, मधले काही खंड सोडल्यास, सतत चालू राहिले. २७ मे १९७७ रोजी सत्ताधारी पक्षातील एका गटाने केलेल्या उठावानंतर जे हत्यासत्र झाले, त्यात दाव्हिद झे, उर्बानो द कास्त्रो आणि आर्तुर नुनेस हे तीन लोकप्रिय गायक मारले गेले. सेम्बाच्या एका बहरलेल्या पर्वाचा तो शेवट होता. या हत्यांबद्दल अंगोलाच्या राष्ट्राध्यक्षांनी २०२१ मध्ये राष्ट्राची जाहीर क्षमा मागितली.

युद्धाच्या काळात राजधानीत रात्रीची संचारबंदी असे. मध्यरात्री रस्त्यावर येणे धोक्याचे असल्याने घराच्या अंगणात सुरू झालेला उत्सव पहाटेपर्यंत चालत राही. पाहुणे आले की सकाळीच परतत. या अंगणातील रात्रींतच एका पिढीने नृत्य शिकून घेतले. त्याच सुमारास कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप व मार्तिनिक या बेटांतील संगीतकारांचा ‘कसाव’ हा वाद्यवृंद जगभर गाजत होता. १९७९ मध्ये सुरू झालेल्या या वृंदाचे ‘झूक’ संगीत अंगोलात अतिशय लोकप्रिय झाले आणि १९८०च्या दशकात त्याने तेथे कार्यक्रमही केले. एदुआर्दो पाइम आणि त्यांच्या समकालीन अंगोलन संगीतकारांनी की-बोर्ड आणि विद्युत तालयंत्रे वापरून सेम्बाच्या वळणाचे, पण संथ लयीचे असे नवे संगीत रचले. त्याला किझोम्बा हे नाव मिळाले. लय मंदावली तशी सेम्बाची पावलेही मंदावली आणि आलिंगन अधिक स्थिर झाले. हेच किझोम्बा नृत्य.

कॅरिबियन बेटांवरील अनेकांचे पूर्वज याच आफ्रिकी किनारपट्टीवरून गुलाम म्हणून नेले गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे झूकचे अंगोलात झालेले स्वागत हे एका अर्थी जुन्या नात्याची ओळख पटण्यासारखे होते, असे म्हणता येईल.

४. नृत्याची रचना आणि शिकण्याचा क्रम

किझोम्बाचे संगीत चार ठोक्यांच्या आवर्तनाचे असून त्याची गती मिनिटाला साधारणतः ८० ते १०० ठोक्यांची असते. त्याखाली झूककडून आलेली एक तालाकृती सतत वाजत असते. चार ठोक्यांचे आठ अर्धे भाग केले, तर पहिल्या, चौथ्या आणि सातव्या भागावर आघात पडतो. म्हणजेच विभागणी ३-३-२ अशी होते. केहरव्याच्या आठ मात्रांची ४-४ अशी विभागणी ज्यांच्या कानांत बसली आहे, त्यांना हा ताल प्रथम लंगडा वाटतो. हाताने आठ मात्रा मोजून १, ४ आणि ७ या मात्रांवर टाळी दिल्यास तो लवकर अंगवळणी पडतो. नाचणारा पावले बहुधा सरळ ठोक्यांवर टाकतो आणि शरीर मात्र या तिरक्या आघातांना प्रतिसाद देते. या दोहोंतील ताणातच नृत्याची गोडी आहे.

शिकण्याचा क्रम सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतो :

(अ) चाल. किझोम्बा म्हणजे सर्वप्रथम चालणे. प्रत्येक पावलाबरोबर शरीराचा संपूर्ण भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जावा लागतो. गुडघे सैल, किंचित वाकलेले आणि पाऊल जमिनीस धरून असते. भार असा बदलला की कंबर आपोआप हलते. या हालचालीस ‘जिंगा’ म्हणतात. नवशिके कंबर मुद्दाम हलवू पाहतात, तेव्हा परिणामालाच कारण मानण्याची चूक घडते.

(आ) आलिंगन. पुढाकार घेणाऱ्याचा उजवा हात जोडीदाराच्या पाठीवर, जोडीदाराचा डावा हात त्याच्या खांद्यावर आणि उरलेले दोन हात एकमेकांत असतात. संदेश हातांनी द्यावयाचा नसतो, तो छातीच्या भागातून जातो. अंतर किती असावे, हे दोघांच्या परिचयावर आणि इच्छेवर ठरते.

(इ) मूलभूत पावले. जागच्या जागी पाय बदलणे, आडवे सरकणे आणि पुढे-मागे जाणे, अशी तीन मूलभूत पावले बहुतेक शिक्षक प्रथम शिकवितात.

(ई) ‘साईदा’. या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ ‘बाहेर पडणे’. यात जोडीदार समोरून एका बाजूस सरकते आणि दोघांच्या वाटा क्षणभर शेजारी येतात. पुढील बहुतेक रचना या पावलातून फुटतात.

(उ) विराम. गाण्यातील आवाज थांबला की थांबणे आणि परत आला की निघणे. याला कोणतेही ठरावीक पाऊल नाही. हे ऐकणे आहे आणि म्हणूनच ते सर्वांत उशिरा येते.

या नृत्यात आधी बसविलेली रचना नसते. पुढचे पाऊल त्या क्षणी ठरते. पुढाकार घेणारा प्रस्ताव मांडतो आणि साथ देणारी व्यक्ती तो स्वीकारते, लांबविते किंवा त्यास वेगळे वळण देते. साथ देणे म्हणजे निष्क्रिय असणे नव्हे. संगीतातील संगतकाराची भूमिका ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

अमेरिकन कलेतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन (१९३२-२०२१) यांनी पश्चिम व मध्य आफ्रिकेतील कलांचा अभ्यास करताना तेथील नृत्यातील दोन वैशिष्ट्यांकडे लक्ष वेधले : वाकलेल्या गुडघ्यांनी जमिनीशी राखलेले सख्य आणि कितीही उत्कट क्षणी चेहऱ्यावर टिकणारी शांतता. किझोम्बाच्या आलिंगनाला युरोपीय इतिहास असला, तरी त्यातील देहाची ही ठेवण आफ्रिकी आहे, हे या निरीक्षणाच्या आधारे समजून घेता येते.

५. अंगणातील शिक्षण आणि वर्गातील शिक्षण

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९३४ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात ‘देहतंत्रे’ ही संकल्पना मांडली. चालणे, बसणे, पोहणे या वरवर नैसर्गिक वाटणाऱ्या क्रियाही प्रत्येक समाज आपल्या माणसांना शिकवितो आणि बहुतेक वेळा न सांगता शिकवितो, असे त्यांचे म्हणणे होते. अंगोलातील किझोम्बाचे शिक्षण हे याचे उत्तम उदाहरण होय. मूल मोठ्यांच्या पायांत वावरताना ताल ऐकते, बहिणीबरोबर नाचते, आत्या किंवा मामा त्याला उत्सवात ओढतात. पावलांना नावे नसतात. कोणी आकडे मोजत नाही. पावलांबरोबरच आणखी बरेच काही शिकले जाते : कोणाला केव्हा बोलवावे, वडीलधाऱ्या स्त्रीला किती अंतरावर धरावे, नकार कसा द्यावा आणि तो कसा स्वीकारावा.

वर्गातील शिक्षणात या क्रमाची उलटापालट होते. तेथे परक्या माणसांचे एकमेकांशी कोणतेच नाते नसते. पावलांना नावे आणि क्रमांक दिले जातात. आरशासमोर उभे राहून शरीर बाहेरून पाहिले जाते. अपरिचित भाषा व्याकरणातून शिकावी, तसा हा प्रकार आहे. तो अपरिहार्य आहे आणि त्याचा उपयोगही आहे, कारण प्रौढ वयात शिकणाऱ्याला अंगण उपलब्ध नसते. परंतु अंगणात नात्यांनी जे नियमन होत असे, ते वर्गात आपोआप होत नाही. नात्यातून उचललेले आलिंगन नात्याशिवाय दिले-घेतले जाऊ लागले की त्याचा अर्थ डळमळतो आणि त्याचा गैरफायदा घेणारे लोकही भेटतात. म्हणूनच संमती, अंतर, नकाराचा मान या गोष्टी वर्गात स्पष्ट शब्दांत सांगाव्या लागतात. हे काम ‘पावले झाल्यावर वेळ उरला तर’ करावयाचे नाही. मूळ समाजात जे न बोलता शिकले जाते, ते नव्या ठिकाणी बोलून शिकविणे, ही शिक्षकाची पहिली जबाबदारी आहे.

६. प्रसार आणि मालकीचा प्रश्न

१९९२ च्या निवडणुकीनंतर अंगोलात युद्ध पुन्हा भडकले आणि अनेकांनी लिस्बनचा रस्ता धरला. तेथे केप व्हर्डे, गिनी-बिसाऊ, साओ तोमे येथील स्थलांतरित आधीपासूनच होते. त्यांच्या नृत्यगृहांत अंगोलन किझोम्बा आणि केप व्हर्डेतील ‘पासादा’ व ‘कोला-झूक’ एकमेकांत मिसळले. त्यामुळे हे नृत्य नेमके कोणाचे, याविषयी अंगोला आणि केप व्हर्डे येथील लोकांत आजही वाद आहे. अंगोलन नर्तक पेत्शू यांच्यासारख्या शिक्षकांनी लिस्बनमध्ये वर्ग सुरू केले. २००० नंतर युरोपभर महोत्सव आणि कार्यशाळा यांचे जाळे पसरले. पुढील दशकात पॅरिसमध्ये सरळ रेषांची, अधिक ताणलेल्या देहस्थितीची एक नवी शैली घडली आणि ती कालांतराने ‘अर्बन किझ’ या स्वतंत्र नावाने ओळखली जाऊ लागली. वेगळे नाव घेणे, हा वादावरील एक प्रामाणिक तोडगा होता, असे म्हणावे लागेल.

या प्रसाराची दुसरी बाजूही आहे. स्पॅनिश मानववंशशास्त्रज्ञ लिव्हिया हिमेनेझ सेदानो यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात लिस्बन व पॅरिस येथील किझोम्बा व्यवसायाची घडण संरचनात्मक विषमतेने कशी झाली, हे दाखविले आहे. नृत्य विकले जाते. परंतु ज्यांच्या अंगणातून ते आले, ते स्थलांतरित त्या बाजाराच्या कडेलाच राहतात. ‘आफ्रिकन टँगो’ यासारखी विशेषणे ग्राहकाला ओळखीची वाटतात, पण त्यांमुळे किझोम्बाला दुसऱ्याच्या नावाने उभे राहावे लागते.

७. गोव्याशी असलेला धागा

हा विषय मराठी वाचकास वाटतो तितका दूरचा नाही. अंगोला आणि गोवा ही एकाच साम्राज्याची दोन टोके होती. ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेरे हे पोर्तुगीज सरकारच्या निमंत्रणावरून १९५१-५२ मध्ये पोर्तुगीज वसाहतींच्या दौऱ्यावर निघाले असता त्यांनी गोव्यातील एका व्याख्यानात ‘लुसो-उष्णकटिबंधीय’ संस्कृतीची कल्पना मांडली. पोर्तुगीज लोक उष्ण प्रदेशांतील समाजांत सहज मिसळतात आणि त्यातून एकजिनसी संस्कृती निर्माण होते, असा त्या कल्पनेचा आशय होता. सालाझार राजवटीने वसाहती टिकविण्यासाठी तिचा पुरेपूर वापर केला. आज किझोम्बाला ‘पोर्तुगीजभाषक जगाचे नृत्य’ असे गोंडस नाव दिले जाते, तेव्हा त्या जुन्या कल्पनेची सावली त्यावर पडते. मिश्रण झाले हे खरे. परंतु ते समान पातळीवर झाले नाही. ताराफालची छळछावणी आणि मुसेकची वाळू हेही त्या मिश्रणाचेच घटक आहेत.

एप्रिल १९६१ मध्ये मोरोक्कोतील कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद भरली. त्यात अंगोलाबरोबर गोव्याचेही प्रतिनिधी होते आणि बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा (१९२४-१९८६) यांचा त्या कार्यात महत्त्वाचा सहभाग होता. अंगोलातील सशस्त्र लढा त्याच वर्षी ४ फेब्रुवारीस सुरू झाला आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

आणखी एक धागा शब्दाचा आहे. किम्बुंदूत ढोलाला ‘न्गोमा’ म्हणतात आणि पूर्व आफ्रिकेतील स्वाहिलीतही तोच शब्द आहे. गुजरातमधील सिद्दी समाजाच्या ‘गोमा’ नृत्याचे नाव याच बांटू शब्दावरून आले आहे. समुद्राने दूर नेलेली माणसे आपला ढोल आणि त्याचे नाव बरोबर ठेवतात, याचे हे आपल्या शेजारचे उदाहरण होय.

८. अध्यापकांच्या दृष्टीने

महाविद्यालयात या नृत्याची कार्यशाळा घ्यावयाची झाल्यास काही पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. आरंभी अर्धा तास तरी अंगोलाचा इतिहास नकाशासह सांगावा. त्यानंतर केवळ श्रवणाचा पाठ घ्यावा. त्यात सेम्बा, झूक आणि किझोम्बा यांचा क्रम ठेवावा. पहिला नृत्यपाठ एकेकट्याने चालण्याचा असावा. जोडीचा पाठ हातभर अंतर राखून सुरू करावा आणि जवळ येणे पूर्णतः ऐच्छिक ठेवावे. मुलींनी व मुलांनी पुढाकार आणि साथ या दोन्ही भूमिका शिकाव्यात. त्यामुळे परस्परांच्या अडचणी समजतात.

पुण्यासारख्या शहरांत आफ्रिकी देशांतील विद्यार्थी शिकत असतात. त्यांच्यापैकी कोणी अंगोला किंवा केप व्हर्डेचा असेल आणि त्याची इच्छा असेल, तर त्यास पाहुणा म्हणून सन्मानाने व मानधन देऊन बोलवावे. मात्र केनिया वा नायजेरियाच्या विद्यार्थ्याला ‘तुमचे नृत्य दाखवा’ असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. आफ्रिका हा पन्नासहून अधिक देशांचा खंड आहे. ज्या विद्यार्थ्याला आपल्या शहरात भाड्याने खोली मिळविण्यासाठी अनेक दारे ठोठवावी लागतात, त्याच्या खंडातील नृत्य मात्र आपण हौसेने शिकतो, या विसंगतीची जाणीव वर्गात करून देणे हाही त्या शिक्षणाचाच भाग मानावा.

९. निष्कर्ष

(१) किझोम्बा हे मुळात प्रसंगाचे नाव आहे. माणसे एकत्र येणे हा त्याचा प्रथम अर्थ असून पावले हा दुय्यम अर्थ आहे.

(२) त्याची मुळे एकेरी नाहीत. मासेम्बाचा स्पर्श, युरोपीय जोडीनृत्य, वस्त्यांतील सेम्बा आणि कॅरिबियन झूक यांच्या संयोगातून ते घडले.

(३) वसाहतवाद, यादवी युद्ध आणि स्थलांतर यांच्या खुणा त्याच्या रूपावर आहेत. संचारबंदीतील रात्री वगळून त्याचा इतिहास सांगता येत नाही.

(४) अंगणातील शिक्षणात नाती जे काम करतात, ते वर्गातील शिक्षणात स्पष्ट नियमांनी करावे लागते.

(५) परक्या समाजाचे नृत्य शिकणे गैर नाही. मात्र ते कोणाकडून आले हे सांगणे, त्याचे नाव बदलले तर ते कबूल करणे आणि त्यातून होणाऱ्या लाभात मूळ समाजाला वाटा देणे, ही त्या शिक्षणाची किमान अट होय.

युद्धाने रस्ते बंद केले असताना अंगोलातील माणसांनी अंगणात एकमेकांना धरून पहाट होण्याची वाट पाहिली. किझोम्बाच्या आलिंगनात ती वाट पाहणेही आहे. जो ते शिकू इच्छितो, त्याने पाऊल उचलण्यापूर्वी एवढे जाणून घ्यावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.